डावा वाजतोय का?

त्याला भडक्या हे नाव मी ठेवलं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण गल्लीत प्रत्येक जण ते आपणच ठेवलं म्हणून मिरवतो. त्याचं जुन्या गाड्यांत टेप बसवायचं दुकान आणि माझं सीटकव्हर शिवायचं, मध्ये एक पत्रा. पलीकडे तो कुणाला शिव्या घालतोय हे मला इकडे सुई ओवताना ऐकू यायचं, आणि कुणाला बुकलतोय तेही. कारण ज्याला बुकलायचं त्याला तो त्याच पत्र्यावर आपटायचा, आणि माझ्याकडे खिळ्यांना टांगलेली कव्हरं धपाधप खाली पडायची.

पहिल्यांदा पडली तेव्हा मी हातातली मोठी कात्री तशीच घेऊन तिकडे गेले. एका दांडग्या गिऱ्हाइकाची गचांडी धरून तो उभा होता. म्हटलं, "मारायचं तर समोरच्या भिंतीवर आपट. इकडे माझा माल आहे." त्याने माझ्याकडे बघितलं, कात्रीकडे बघितलं, आणि त्या माणसाला फरफटत समोरच्या भिंतीकडे नेलं. तिथे हाणला. संध्याकाळी दोन चहा घेऊन आला आणि मला मावशी म्हणाला. मला रागीट माणसं आवडतात. मला आयुष्यात जो काही त्रास झाला तो गोड बोलणाऱ्यांनी दिला.

त्याचा राग बहुतेक वेळा एकाच गोष्टीवरून पेटायचा. जुन्या गाडीत कंपनीने बसवलेल्या टेपच्या मागे एक प्लग असतो, रंगीबेरंगी वायरींचा जाड झुबका असलेला. नवा टेप बसवताना बाकीचे लोक काय करतात, तर तो प्लग खटकन कापतात, वायरी दातांनी सोलतात, नव्या टेपच्या वायरींशी पिळतात आणि वरून चिकटपट्टी. काम झटपट होतं. भडक्याने जन्मात प्लग कापला नाही. तो मधला जोड स्वतः बनवायचा, एका टोकाला गाडीचा प्लग बसेल, दुसऱ्या टोकाला नवा टेप. "गाडी म्हातारी झाली म्हणून तिची जीभ कापायची का?" असं म्हणायचा. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने एकदा असाच एक प्लग कापून, काम बिघडवून, गाडी याच्याकडे ढकलली. हा तो कापलेला प्लग मुठीत घेऊन कोपऱ्यावर गेला आणि मुठीसकट त्याच्या तोंडावर हाणला. त्या दुकानदाराचा पुढचा दात तेव्हापासून हलतो. बोलताना तो जिभेने दात धरून ठेवतो, बघायला मोठी मजा येते.

हे सगळं त्याने घरात उचललेलं होतं. बाप पट्ट्याने मारायचा, बकलाच्या बाजूने. पट्टा धाकट्या बहिणीकडे वळला की हा मध्ये जाऊन उभा राहायचा आणि तिचा मारही स्वतःच्या पाठीवर घ्यायचा. पुढे अंगात ताकद आली तेव्हा एक दिवस त्याने पट्टा हवेतच पकडला, बापाच्या हातातून ओढून घेतला आणि बापालाच धुतला. त्यानंतर बापाने दोघांवर हात टाकला नाही. त्या दिवशी भडक्याला औषध सापडलं. एकदा लागू पडलेलं औषध माणूस प्रत्येक दुखण्यावर घेतो, तसा तो घ्यायला लागला. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. ज्यांना त्याने मारलं त्यातले बरेचसे मार खायच्याच लायकीचे होते.

मग बहिणीचं लग्न झालं.

तिचा नवरा एका गोदामावर मुकादम. भडक्या त्याला दाजी म्हणायचा, मी जावईबुवा म्हणायचे, तोंडावर नाही, पत्र्याआड. कपडे इस्त्रीचे, बोलणं लोण्यासारखं. त्याच्याकडे एक जुनी मोठी गाडी होती, काळी, लांबलचक, गिअर आपोआप बदलणारी. तिच्यावर त्याचा जीव. रोज बोनेट उघडून आत डोकं घालायचा, प्रत्येक नळी, प्रत्येक पट्टा हाताने चाचपायचा. गाडीवर ओरखडा सापडला की बायकोवर दोन उमटवायचा. वर्ष व्हायच्या आत ती दुकानात आली, तेव्हा एक डोळा सुजून बंद झालेला होता. भडक्याने हातातला पेचकस खाली ठेवला आणि निघाला. जावईबुवांचा खांदा निखळला, नाक फुटलं, आणि गाडीची पुढची काच त्यांच्याच डोक्याने तडकली.

मी खूश झाले, खोटं कशाला बोलू. पण जावईबुवा हुशार. हात गळ्यात बांधून सरळ पोलीस ठाण्यात गेले. भडक्याला आत टाकलं. आणि मग निरोप आला, अगदी गोड शब्दांत: बायकोने नांदायला परत यावं, आपण तक्रार मागे घेऊ, शेवटी घरातलीच माणसं आहेत.

ती गेली. जाण्याआधी ठाण्यावर आली होती. मी तिथे बाकावर डबा घेऊन बसले होते. गजाला धरून ती भावाला म्हणाली, "दादा, यापुढे तू त्याच्यावर हात उचललास तर मला बहीण म्हणू नकोस. तू मारतोस आणि फेडायला मला लागतं. आठवतंय ना, बापाच्या वेळी उलटं होतं?"

भडक्या रडला. मी तोंड फिरवलं. माझ्या अंगाची लाही लाही होत होती आणि तिथे फोडण्यासारखं काही नव्हतं.

सुटून आल्यावर त्याने माणसं मारणं बंद केलं. नुसत्या दाजीला नाही, कुणालाच नाही. राग काही कमी झाला नाही, तो फक्त वस्तूंवर निघायला लागला. स्पीकर फोडायचा, खुर्च्या मोडायचा, पत्र्यावर मुठी मारायचा. माझ्याकडून बघितलं तर पत्र्यावर त्याच्या मुठींचे फुगवटे ओळीने दिसायचे. कव्हरं पडायचीच. मी उचलून पुन्हा टांगायचे.

बहिणीने मधल्या काळात एकदा पळून जायचा प्रयत्न केला. सकाळच्या लांबच्या बसमध्ये बसली. जावईबुवा जागे झाले, गाडी काढली, हमरस्त्यावर बस गाठली, पुढे आडवी घातली. सगळ्या उतारूंसमोर तिला केसांना धरून खाली ओढलं. "माझी बायको डोक्याने अधू आहे," असं ड्रायव्हरला हात जोडून सांगितलं, आणि ड्रायव्हरला ते पटलं. तिला गाडीत ढकलताना तिचा हात चौकटीवर होता. त्याने दार लावलं, बघून लावलं. तिच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं तेव्हापासून वाकडी आहेत.

भडक्याला हे कळलं त्या दिवशी पत्रा एका ठिकाणी फाटला. त्याच्या हातातून रक्त गळत होतं. मी पट्टी बांधताना म्हटलं, "अरे, ती गाडी आहे तोवर ती पोरगी कुठेही जाऊ शकत नाही." तो म्हणाला, "पेटवून देऊ?" म्हटलं, "आणि मग? नाव कुणाचं येईल? पुन्हा गजाआड तू, पुन्हा त्याच्या घरात ती." इंजिनाचं काही बिघडवायचं तर जावईबुवा रोज आत डोकं घालून बसलेले. अर्ध्या तासात शोधून काढलं असतं आणि राग बायकोवर निघाला असता.

अशात त्यांना नवा टेप बसवायची हौस आली. काचेचा पडदा असलेला. मेव्हण्याकडे यायचा प्रश्नच नव्हता, म्हणून गेले कोपऱ्यावरच्या हलत्या दाताकडे. त्याने आपल्या रिवाजाप्रमाणे प्लग कापला, वायरी पिळल्या, टेप चालू केला. पडदा छान उजळला, आकडे नाचायला लागले, आणि आवाज शून्य. हलता दात म्हणाला, स्पीकर सडलेत. आदल्या दिवसापर्यंत जुना टेप दणदणीत वाजत होता. जावईबुवांनी त्याचा तो दात आणखी थोडा हलवला आणि झक मारत आमच्या गल्लीत आले. येताना बायकोला डाव्या सीटवर बसवून आणलं होतं. स्वतः खाली उतरले नाहीत. तिला ढोसलं, "सांग तुझ्या भावाला."

ती खाली उतरली. गळ्याजवळ बोटांचे वळ होते, पदराखाली अर्धे झाकलेले. भडक्याने ते बघितले. मी माझ्या दारातून त्याची मान बघत होते, शिरा टरारून फुगल्या. म्हटलं, आता होतंय. पण तो पुढे गेला, डॅशबोर्डमध्ये हात घालून तो कापलेला झुबका बाहेर काढला, बघत राहिला आणि शांतपणे म्हणाला, "होईल, दाजी. दिवसभर लागेल. सीटं काढावी लागतील. मावशी नवी कव्हरं पण घालून देतील, माझ्याकडून."

मला वाटलं, पोराचं डोकं फिरलं.

मग तो पत्र्याच्या फाटक्या जागेतून मला म्हणाला, "मावशी, डाव्या सीटच्या कव्हरला खालच्या झालरीत एक खिसा शिवा. बाहेरून दिसता कामा नये. वाकडी बोटं आत जातील एवढा."

मी कशाला म्हणून विचारलं नाही. वाकडी बोटं म्हटल्यावर मला पुरेसं कळलं होतं.

आवाज का येत नव्हता ते सांगते, मला त्यानेच समजावलं. त्या जातीच्या गाड्यांत आवाज मोठा करणारी एक डबी कंपनीने वेगळी बसवलेली असते, डाव्या सीटखाली, गालिच्याच्याही आत. तिला ॲम्प म्हणतात. मालकाला ती आहे हेसुद्धा ठाऊक नसतं. जुना टेप तिला एका वायरीतून उठ म्हणायचा, ती उठायची, मग स्पीकर वाजायचे. नव्या टेपची ती निळी वायर हलत्या दाताने कुठे जोडलीच नव्हती. डबी झोपलेलीच होती.

जावईबुवा गाडीपासून हलले नाहीत. खुर्ची टाकून समोर बसले, पायावर पाय. भडक्याने कापलेला झुबका एकेक वायर करून जोडला, डबी शोधली, निळी तिथपर्यंत नेली. तोवर मी कव्हरं शिवली. दुपारी सीट पुन्हा बसवलं आणि मी मागच्या सीटवर गुडघे टेकून कव्हराच्या नाड्या ओढत बसले. तेव्हा तो म्हणाला, "दाजी, आता आवाज बघायला लागेल. उजवीकडे मी बसतो, डावीकडे हिला बसू दे. काचा बंद हव्यात, नाहीतर कळत नाही."

जावईबुवांनी हाताने परवानगी दिली, राजासारखी.

काचा वर गेल्या. भडक्याने आवाज असा काही सोडला की माझ्या छातीत ठोके बसायला लागले. बाहेर जावईबुवा खुशीत मान डोलवत होते. आपली गाडी गल्ली हादरवते आहे, एवढंच त्यांना दिसत होतं.

"डावा वाजतोय का?" भडक्या ओरडला, बाहेर ऐकू जाईल असा.

"वाजतोय!" ती ओरडली.

मग त्याने डावा कान तिच्याकडे झुकवला, तिने तोंड त्या कानाशी नेलं, आणि एवढ्या धुमाकुळात दोघं बोलायला लागली. मीही दोन सीटांच्या मधून मुंडकं पुढे घातलं. मला कळल्याशिवाय माझ्या गाडीत, म्हणजे माझ्या कव्हरांच्या गाडीत, कट शिजलेला मला चालणार नव्हता.

"पायाशी झालरीत खिसा आहे," तो म्हणाला. "आत तीन टोकं. काळी डबीची, तिचं टोक आत्ता निळीत घातलंय. टेप बंद केला की डबी झोपते. निघायच्या आदल्या दिवशी घरी परतताना ते निळीतून काढ आणि पिवळीत खुपस. पिवळी थेट बॅटरीची. मग टेप बंद दिसेल, आवाज नसेल, पण डबी रात्रभर जागी राहून बॅटरी पीत बसेल. बॅटरी म्हातारी आहे, थंडीत तशीही रडते. सकाळी किल्ली फिरवली की नुसतं टकटक. आपोआप गिअरची ही गाडी धक्का मारूनही चालू होत नाही."

"तो शोधेल."

"इंजिनात शोधेल. सीटखाली डबी आहे हे त्याला माहीतच नाही." मग पुन्हा मोठ्याने, "आता वाजतोय का डावा?"

"वाजतोय!" आणि त्याच्या कानात, "या बोटांनी जमेल मला?"

"हात घालून बघ. मोठे प्लग लावलेत."

ती वाकली, जणू चपलेत काही टोचतंय. खिशात वाकडी बोटं गेली. काढलं, घातलं, काढलं, घातलं. वर बसली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता. भावाच्या कानाशी जाऊन ती एवढंच म्हणाली, "दादा, तू मात्र त्याला हात लावायचा नाहीस. काहीही झालं तरी. पुन्हा तुझ्यासाठी परत जायची ताकद माझ्यात नाही."

"नाही लावणार," तो म्हणाला.

मला कुणी काही विचारलं नव्हतं.

कुठे जायचं ते माझ्याकडे होतं. माझी धाकटी बहीण लांबच्या शहरात कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर आहे. तिची एक खोली आहे आणि तिचं तोंड माझ्यापेक्षा फाटकं आहे. तिथे त्या पोरीला काही होणार नव्हतं. फक्त बस तिथपर्यंत पोचायला हवी होती.

त्यानंतर बरेच दिवस काही झालं नाही. ती काळी गाडी ठणाणा करत गल्लीवरून जायची. मग कडाक्याच्या थंडीत एका संध्याकाळी भडक्याच्या फोनवर एक मिस्ड कॉल आला, ठरल्याप्रमाणे. त्याने मला सांगितलं, "मावशी, उद्या तुम्ही जरा उशिरा या."

मला उशिरा ये म्हणणारा अजून जन्माला यायचाय. सकाळी मी त्याच्याही आधी येऊन बसले होते.

तो आला. आतल्या खोलीत रिकामी खोकी होती, तिला त्याने बाहेरून मोठं कुलूप घातलं आणि चावी पँटच्या खिशात टाकली. मग भिंतीवरच्या घड्याळाखाली उभा राहिला. म्हटलं, हे कुलूप कशाला? तो म्हणाला, "आधी इथेच येणार तो. ती आत आहे असं वाटलं तर इथेच थांबेल, नाहीतर दुसऱ्याची गाडी घेऊन बसमागे लागेल. बस पूल ओलांडेपर्यंत थांबला पाहिजे. त्यापुढे रस्ते फुटतात, मग शोधत बसू दे." मग माझ्याकडे बोट करून म्हणाला, "तुम्ही मध्ये पडायचं नाही."

जावईबुवा चालत आले. इस्त्री नव्हती, एक पाय बुटात, दुसरा चपलेत. हातात चाकाचे नट काढायचा लोखंडी पाना. सकाळपासून गाडीशी झटापट करून हात काळे झालेले.

"कुठे आहे ती?"

"इथे नाही," भडक्या म्हणाला, आणि जाऊन नेमका कुलपासमोर उभा राहिला. असं उभं राहून इथे नाही म्हटलेलं कुणाला पटेल?

"चावी दे."

"नाही देणार."

पहिला ठोसा तोंडावर बसला. भडक्याने दोन्ही हात मागे नेऊन दाराची मोठी कडी पकडली. दुसरा पोटात. तो वाकला, पण कडी सोडली नाही. मी पत्र्याच्या फटीतून बघत होते. जावईबुवांनी त्याची मान पकडली आणि पत्र्यावर आपटलं. माझी कव्हरं पडली. पुन्हा आपटलं, उरलेली पडली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्या पत्र्यावर भडक्याचं स्वतःचं डोकं वाजत होतं. मला तो आवाज सहन होईना.

"बोल! आत आहे ना? ए, बाहेर ये, नाहीतर भावाचा मुडदा पडेल इथे!" तो दाराकडे बघून ओरडत होता, लाथा घालत होता. रिकामी खोकी काय उत्तर देणार. उत्तर येत नाही म्हटल्यावर त्याची खात्रीच पटली. खिशातली चावी काढायला तो भडक्याच्या अंगावर गेला, भडक्या अंगाची मोट करून खिशावर पडला. बरगड्यांवर लाथा बसत होत्या आणि याची नजर घड्याळावर. ज्या हातांनी या माणसाने अर्धी गल्ली लोळवली होती ते हात त्याने मांड्यांमध्ये दाबून धरले होते. मला त्या बहिणीचाही राग आला, त्या वचनाचाही आला, बस एवढ्या हळू का चालते म्हणून बसचाही आला.

मग जावईबुवांनी पाना उचलला. तो डाव्या कानावर बसला. आवाज ओलसर आला. कानातून रक्त बाहेर आलं आणि मानेवरून शर्टात गेलं. तरीही तो घड्याळाकडेच बघत होता.

पाना दुसऱ्यांदा वर गेला.

मी कुणालाही वचन दिलेलं नव्हतं. फोम ठोकून बसवायला माझ्याकडे लाकडाची जाड थापी आहे, बापाच्या काळची. ती घेऊन मी गेले आणि जावईबुवांच्या मनगटावर घातली. काडकन आवाज झाला, पाना खाली पडला. ते माझ्याकडे वळले तेव्हा तोंडावर नुसतं आश्चर्य होतं, म्हाताऱ्या बाईने मारल्याचं. दुसरी गुडघ्यावर घातली. खाली बसले. तिसरी पाठीत घातली, ती माझ्या पडलेल्या कव्हरांबद्दल. चौथीही घातली असती, पण भडक्या जमिनीवरून पुटपुटला, "मावशी, बस. बस पूल ओलांडून गेली."

मग मी त्याच्या खिशातून चावी घेतली, कुलूप काढलं आणि दार सताड उघडलं. "बघा, जावईबुवा. सगळी खोकी तुमचीच."

गुडघ्यावर बसून त्यांनी आत बघितलं. तो चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि विसरायचाही नाही मला.

त्यांनी केस केली, माझ्यावर. करू दे. ठाण्यात तो रक्ताळलेला पाना मीच नेऊन टेबलावर ठेवला आणि म्हटलं, हो, मारलं, लिहून घ्या. मला सोडवायला कुणी नांदायला परत जाणार नव्हतं. तारखा पडतात, मी शिवणाची पिशवी घेऊन जाते, बाकावर बसून काजं करते. त्यांच्यावरही केस झाली. पुढे काडीमोडही झाला, आणि त्या पोरीचं त्या घराशी उरलंसुरलं नातं संपलं.

भडक्याचा डावा कान मात्र गेला. डॉक्टरने आतून बघून मान हलवली. भडक्याने मला बजावलं, "तिला सांगायचं नाही. कळलं तर ती आपल्यामुळे झालं म्हणेल, आणि जन्मभर म्हणत राहील." फोनवर त्याने तिला सांगितलं, दाजी आले, बडबडले, गेले. आणि आता स्पीकर बसवणाऱ्या माणसाला एकाच बाजूचं ऐकू येतं. गाडी आली की तो पत्रा वाजवतो आणि मला डाव्या सीटवर जाऊन बसावं लागतं. "डावा वाजतोय का, मावशी?" तोंड माझ्याकडे पूर्ण वळवून विचारतो, माझे ओठ बघतो. माझ्या कामाचा खोळंबा होतो. मी रोज कुरकुरते आणि रोज जाऊन बसते.

परवा एक नवा माणूस एक जुनी काळी गाडी घेऊन आला. म्हणाला, स्वस्तात घेतली, पण रात्रीत बॅटरी बसते. आधीच्या मालकाने वैतागून तीनदा बॅटरी बदलली, शेवटी विकून टाकली. मी शिवलेली कव्हरं अजून तशीच होती, टाका उसवला नव्हता.

योगायोग असा की बहीण तेव्हा पहिल्यांदाच आली होती, माझ्या दुकानात बसली होती. तिने गाडी ओळखली. म्हटलं, "तू जाऊ नकोस तिकडे." ती म्हणाली, "जाते. मीच घातलं होतं ते, मीच काढते." दार उघडून डाव्या सीटवर बसली. वाकडी बोटं सरळ खिशात गेली, टोक पिवळीतून निघालं, निळीत बसलं. मी मागच्या सीटवर जाऊन बसले, काही लागलं तर म्हणून. भडक्या उजवीकडे बसून टेपमध्ये डोकं घालून होता. काम हातात असलं की तो मान वळवायची विसरतो.

"डावा वाजतोय का?" त्याने विचारलं.

"वाजतोय, दादा."

त्याने एक बटण फिरवलं. "डावा वाजतोय का गं?"

"वाजतोय ना."

"अगं, विचारतोय मी. डावा वाजतोय की नाही?"

टेपचा आवाज काही फार मोठा नव्हता. तिने त्याच्या कानाकडे बघितलं. मग समोरच्या आरशातून माझ्याकडे बघितलं. मी खाली बघून झालरीचा टाका चाचपत बसले.

ती उतरली. दार हळू लावलं. गाडीच्या पुढून वळसा घालून पलीकडे गेली आणि त्याच्या खिडकीच्या कडेवर हात ठेवून वाकली.

"डावा वाजतोय, दादा."

"मग मघापासून सांगायला काय झालं होतं?" तो तिच्यावर खेकसला. "माणसाने विचारायचं तरी किती वेळा?"

"चुकलं," ती म्हणाली, आणि मग दिवसभर त्याच्या उजव्या बाजूलाच उभी राहिली.